खिडकीच्या गजाला बांधलेली रवी

मित्रांनो, विश्वातलं पहिलं मोठं काम माझ्या घराण्याने केलेलं आहे. देवांना आणि दानवांना समुद्र घुसळायचा होता, तेव्हा त्यांनी मंदार पर्वताची रवी केली आणि वासुकी नागाची दोरी. त्या घुसळणीतून लक्ष्मी निघाली, ऐरावत निघाला, शेवटी अमृतसुद्धा निघालं. अशा थोर कुळात माझा जन्म झाला. माझ्या घुसळणीतून मेयोनीज निघालं. तेही फाटलेलं.

मी एक जुनी रवी आहे. पेणमध्ये एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला मी टांगलेली असते. तुमच्या घरी मिक्सर असेल तर मी कशी असते ते सांगायला हवं. खाली फुलासारखं चार पाकळ्यांचं लाकडी डोकं, वर लांब दांडा. दांड्याला दोरीचे वेढे द्यायचे, दोरीची दोन टोकं दोन हातांत धरायची, आणि एकदा हे ओढायचं, एकदा ते. मी गरगर फिरते. आधी इकडे, मग तिकडे. जन्मभर मी एवढंच केलं. इतकं फिरून कुठे पोचलीस असं विचाराल, तर जिथे होते तिथेच. पुष्कळ माणसांचंही असंच होतं, पण त्यांना ते कळायला निवृत्त व्हावं लागतं.

रोह्याहून कुंडलिकेच्या काठाने वर गेलं की भाताची आणि वालाची शेतं असलेलं एक गाव लागतं. तिथे एक शिवणीचं झाड वाऱ्याने पडलं. त्याच्या बुंध्याचा सुताराने पाट केला आणि उरलेल्या तुकड्याची मी. म्हणजे पाट माझा थोरला भाऊ. त्याच्या नशिबी बसणं आलं आणि माझ्या नशिबी फिरणं. एकाच झाडाची लेकरं, पण वाटणी अशी झाली.

काशीबाईच्या घरी मी कामाला लागले. तिच्या ओटीवर घुसळखांब होता. त्या खांबाला मला बांधलं की मी ताठ उभी राहत असे. म्हशीचं दाट दही, काशीबाईचे भक्कम हात आणि मी. लोणी वर आलं की आवाज बदलायचा. मग काशीबाई थांबायची आणि म्हणायची, "झालं." देवापुढच्या दिव्याचं तूप माझ्या लोण्याचं असे. आजारी माणसाला ताक हवं असलं की गावातले लोक तांब्या घेऊन काशीबाईकडे येत. लोक माझी स्तुती करत, आणि मी ती ऐकत नसल्यासारखं दाखवत असे. ते दिवस बरे होते. तेव्हाही थकायला व्हायचं, पण तो थकवा ताकाचा होता. ताकाचा थकवा रात्री उतरतो.

काशीबाईची मुलगी हौसा. तिचं लग्न ठरलं तेव्हा मी रुखवतात मांडले गेले. माझ्या एका बाजूला मण्यांचा मोर होता आणि दुसऱ्या बाजूला साखरेचा ताजमहाल. त्या दिवशी मला कुणी फिरवलं नाही. लोक नुसते बघून पुढे जात होते. आयुष्यात एकदा का होईना, मी शोभेची वस्तू होते.

हौसाचा नवरा हैबतराव. नाव ऐकून तलवार आठवते, पण माणूस साधा. डोलवीच्या पोलादाच्या कंपनीत, भट्टीच्या बाजूला शिफ्ट करायचा. पेणला त्याचं दोन खोल्यांचं घर. त्या घरात घुसळखांब कुठला असणार? हैबतरावने सगळ्या भिंती ठोकून पाहिल्या आणि शेवटी मला स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या गजाला बांधलं. गज माझ्याबरोबर हलायचा आणि खाली राहणाऱ्यांना भूकंप झाल्यासारखं वाटायचं. खिडकीतून समोरचा गणपतीचा कारखाना दिसे. श्रावणाच्या आधीपासून तिथे रंग न दिलेले पांढरे गणपती रांगेने बसलेले असत. काही न करता, शांतपणे, बसलेले. मला त्यांचा हेवा वाटे. हौसालाही वाटत असावा. दोरी ओढताना तीही तिकडेच बघायची.

मित्रांनो, आम्हा रव्यांना डोळे कमी आणि स्पर्श जास्त. बाईच्या हातांची सगळी खबर आम्हाला दोरीतून कळते. राग आला की दोरी कशी ओढली जाते, माहेरची आठवण आली की कशी, ते मला ठाऊक आहे. हौसाच्या दोरीत बहुतेक वेळा एकच गोष्ट असायची. ती दमलेली असायची. सकाळी डबा, दुपारी शिफ्टवरून आलेल्या माणसाचं जेवण, रात्री पुन्हा शिफ्टला जाणाऱ्या माणसाचा डबा. कंपनीची भट्टी कधी विझत नाही. हौसाची शेगडीही विझत नसे.

त्यांची मुलगी मैना लग्न होऊन नागोठण्याला गेली आणि घर एकदम रिकामं झालं. दोघं एकमेकांकडे बघत आणि काय बोलावं ते न सुचून टीव्ही लावत. मग एका शनिवारी हैबतराव म्हणाला, "चल, आज मुंबईला जाऊ. भाकरी टाकू नको. बाहेरच जेवू."

त्या रात्री काय झालं ते मी पाहिलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी हौसा ताक करत होती आणि समोरच्या दारातली सरू उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होती. तेव्हा मला सगळं कळलं. रवीसमोर बायका सगळं बोलतात.

"आत शिरले तं पांढरा कोटवाला एक मानूस आला नि त्यानं माझी खुर्ची मागं ओढली," हौसा म्हणाली. "मला वाटलं, दुसऱ्या कुनाला पायजे आसंल. मी उभीच."

"मग?"

"हे म्हनले, बस, ती तुझ्यासाठीच हाय. बसले. तो पानी घेऊन आला, मी घ्यायला उठले. हे म्हनले, बस. तो ताट घेऊन आला, मी परत उठले. हे म्हनले, अगो बस की, मास्तर आल्यासारखी काय उठतेस?"

"नि जेवान काय होतं?"

"फ्रान्सचं होतं म्हनं. कोंबडी होती, लोन्यात नि सायीत बुडवलेली. मला काय ते सांगता येयाचं नाय." दोरी जरा थांबली. "पन सरू, जेवान होईस्तवर मला कुनी उठवलं नाय बघ. लगीन झाल्यापासून अशी बसले नव्हते."

घरी येताना शेवटच्या एसटीत हैबतरावने तिला विचारलं होतं, "कसं होतं?"

ती म्हणाली होती, "चांगलं होतं."

मित्रांनो, हौसा फार बोलणारी बाई नव्हे. साडी आणली तर ती म्हणायची, "असू दे." सोन्याची कुडी आणली तर म्हणाली, "कशाला?" तिने कशालाही चांगलं म्हटलेलं हैबतरावने पहिल्यांदाच ऐकलं. भट्टीपुढे उभं राहून वाळलेल्या त्या माणसाला एवढा आनंद झाला की त्याने ते सगळं कोंबडीच्या खात्यावर जमा केलं.

मग शनिवार ठरून गेला. शनिवारी पहिली शिफ्ट संपली की दोघं पेणच्या स्टँडवर. मुंबईत कधी नाटक, कधी नुसतं समुद्राच्या कठड्यावर बसणं, आणि शेवटी ते हॉटेल. तिथे टेबलावर मेणबत्ती असे. हौसाला आधी वाटलं, लाइट गेली आहे. नंतर तिला सवय झाली. पांढरा कोटवालाही तिला ओळखू लागला. त्याने खुर्ची ओढली की ती आता न बिचकता बसायची. रविवारी सकाळी दोरी धरताना तिचे हात हलके असत आणि लोणीही लवकर वर येई. त्या वर्षी मी जरा सुखात होते. खोटं कशाला सांगू?

पण हैबतराव होता कंपनीचा माणूस. जे बाहेरून येतं ते आपल्याकडे का बनू नये, हा विचार कंपनीत शिकवतात. हॉटेलात तो वेटरला विचारून विचारून भंडावू लागला. शेवटी वेटरने कंटाळून आचाऱ्यालाच बाहेर आणलं. फ्रेंच जेवणाचा तो आचारी निघाला माणगावचा.

"साहेब, त्यात काय नाय," आचारी म्हणाला. "लोणी घालायचं. मग चव बघायची. मग आणखी लोणी घालायचं."

घरी येऊन हैबतरावने हौसाला सांगितलं, "आता तुला एवढ्या लांब धक्के खात जायला नको. मी घरीच करतो तुझ्यासाठी सगळं."

हे त्याने प्रेमाने सांगितलं. माझी हरकत प्रेमाला नाही. प्रेमाचा सगळा भार दोरीवर येतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

शनिवारची मुंबई बंद झाली आणि रविवारचं फ्रान्स सुरू झालं. घरात मिक्सर होता, पण पहिल्याच रविवारी हैबतरावने त्यात थिजलेलं लोणी घातलं आणि तो धूर सोडून कायमचा शांत झाला. बहुतेक त्याला पुढचं दिसलं असावं. "बरं झालं," हैबतराव म्हणाला, "खरी चव हातानेच येते." हात कोणाचे, ते त्याने सांगितलं नाही.

स्वयंपाक हैबतराव करायचा. म्हणजे तो मधोमध उभा राहायचा आणि हौसा बाकीचं करायची. कांदे चिरायची, साय काढायची, अंडी फोडायची, भांडी घासायची, पुन्हा भांडी घासायची, आणि मला फिरवायची. पेणमधलं सगळं लोणी संपलं तरी पुरं पडेना, म्हणून आधी मी लोणी काढायचं आणि मग त्याच लोण्यात अंड्याचा बलक घालून परत तेच घुसळायचं. मी जे दह्यातून वेगळं काढलं तेच पुन्हा कशाततरी मिसळायचं! एवढं पाणउतारा करणारं काम आमच्या कुळात कुणाच्या वाट्याला आलं नसेल. आणि एकदा अंडं लागल्यावर देवाच्या दिव्याचं तूप माझ्याकडून काढणं बंद झालं. इतक्या वर्षांचा मान एका कोंबडीने घालवला.

मेयोनीज फाटलं. सुफ्ले नावाचा एक फुगणारा पदार्थ दार उघडताच बसला. घरात बसण्याची परवानगी फक्त त्यालाच होती. कांद्याचं सूप मात्र बरं झालं, कारण कांदा इकडचाच होता. कृतीत वाइन लिहिलेली असे तिथे हैबतराव कोकमाचं आगळ घालायचा. मग ताट वाढून तो हौसासमोर उभा राही. शिफ्ट करून आलेला माणूस, कपाळावर पीठ, हातात डाव.

"कसं झालंय?"

"चांगलं," हौसा म्हणे. आणि भांडी घासायला उठे.

सरू तिला म्हणायची, "सांगून टाक की त्यांना. हे लोनी-बिनी नको, मला मुंबैला न्या म्हनावं."

"कसं सांगू? त्यांचं तोंड बघितलंस का तू? भट्टीवर इतकी वर्षं गेली, त्या मानसाला कधी काय हौस नव्हती. आता कुठं लागलीय." दोरी सैल पडली. "माझे हात दुखतात तं दुखूं दे. ऱ्हाईल एखाद साल. मग कंटाळतील."

पण हैबतराव कंटाळला नाही. थंडी पडू लागली तेव्हाच्या एका रविवारी, मी सायीत बुडालेली असताना, त्याने जाहीर केलं, "रोह्याच्या अष्टमी गावात पुलाजवळ गाळा बघून आलोय. फ्रेंच खानावळ टाकू. मी नि तू. रोज."

दोरी थांबली. मी सायीत तिरकी झाले.

"आनि कंपनी?" हौसाने विचारलं.

"राजीनामा देईन. तुझ्या भावाला, कान्हूला, निरोप धाडलाय. यंदाची पोपटी माझ्या हातची. गावाने बोटं चाटली की सोमवारी राजीनामा टाकतो."

"रोज घुसळायचं?" हौसा म्हणाली.

"रोज," हैबतराव आनंदाने म्हणाला. "रोह्याला फ्रेंच जेवण कुठं मिळतं सांग? एक तरी ठिकाण सांग."

हौसा पुन्हा दोरी ओढू लागली. त्या दिवशी तिच्या हातांत जे होतं तो थकवा नव्हता. पुढे कायम थकायचं आहे हे कळलेल्या माणसाचं काहीतरी होतं. मी लाकडाची आहे, तरी मला ते जड गेलं.

आता पोपटी म्हणजे काय ते मुंबई-पुण्याच्या मुलांना सांगते. भात कापून झाला की आमच्याकडे शेतात वाल लावतात. थंडीत त्याच्या शेंगा भरतात. मग संध्याकाळी शेतात जमायचं. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा उग्र वासाचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, हवी तर मसाला चोळलेली कोंबडी. तोंड पाल्याने गच्च दाबायचं. मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा आणि काटक्या रचून पेटवून द्यायचं. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. सगळं आपल्याच वाफेवर शिजतं. आणि एक गोष्ट नीट ऐका: आमच्या गावात पोपटी पुरुष लावतात. बायका बसतात. वर्षातून त्या एका रात्रीसाठी गावात एवढा न्याय आहे.

दुसरी रीत अशी की जावयाला काम सांगायचं नाही आणि जावई बोलेल त्याला नाही म्हणायचं नाही. हैबतराव या गावचा जावई. दर साली त्याला ओटीवर बसवून ठेवत आणि शेंगा सोलायच्या वेळेलाच शेतावर बोलावत. उघडलेलं मडकं त्याने दर वर्षी पाहिलं होतं. ते लावताना एकदाही पाहिलं नव्हतं.

पोपटीच्या दिवशी पेणहून रोह्याला येताना मी एका पिशवीत लोण्याच्या डब्याशेजारी होते. रात्री घराबाहेर हिंडायला निघालेली मी पहिलीच रवी असेन. शेताच्या कुडाच्या मेढीला, म्हणजे कुंपणाच्या खांबाला, मला बांधलं. मेढीखाली टोपात साय. सगळ्या बायका पेंढ्यावर पाय पसरून बसल्या होत्या आणि हौसा एकटी दोरी ओढत होती. काशीबाई बराच वेळ बघत राहिली.

"हौसे, बस गो."

"झालंच, आये. ह्यांना सायीचा फेस पायजे."

काशीबाई जावयाकडे वळली. "जावायबापू, पोपटीला साय कशाला हो?"

"मामी, आज बघाच तुम्ही," हैबतराव म्हणाला. त्याने बाह्या वर केल्या होत्या. मडक्यात त्याने कोंबडी घातली, शेंगा घातल्या. भांबुर्ड्याचा पाला हातात घेऊन हुंगला आणि बाजूला टाकला. "ह्याचा वास फार. ह्याने सॉसची चव जाते." मग वितळलेलं लोणी ओतलं. मग मी घुसळलेली साय. मग आगळ. मडकं काठोकाठ भरलं.

हौसाचा भाऊ कान्हू शेजारी उकिडवा बसला होता. त्याने मडक्यात डोकावलं. आजूबाजूच्या माणसांकडे बघितलं. माणसांनी आभाळाकडे बघितलं.

"दाजी," कान्हू फार आदराने म्हणाला, "आता हे पालथं घालू का?"

"घाला की."

"घालू म्हनता?"

"दर सालासारखंच करायचं, कान्हू. फक्त चव फ्रान्सची."

"दाजी म्हनतील तसं," कान्हू म्हणाला. आणि दुसऱ्या कुणाला तरी हळूच सांगितलं, "पलीकडच्या खाचरात आपलं एक मडकं लावून ठेवा रे. भांबुर्डा घालून."

चार मूठ पेंढा तोंडात कोंबून त्यांनी मडकं पालथं घातलं आणि पेटवलं. थोडा वेळ सगळं नेहमीसारखं चाललं. मग पेंढ्याला पाझर फुटला आणि लोणी विस्तवाला भेटायला आलं.

मित्रांनो, मी जन्मभर लोणी काढलं, पण त्याच्या अंगात एवढी ताकद आहे हे मला माहीत नव्हतं. जाळ माणसाच्या डोक्यावर गेला. लोण्याचा ओघळ पेटत पेटत कापलेल्या भाताच्या धसांतून निघाला तो थेट पेंढ्याच्या उडवीकडे. तिथे सगळ्या बायका बसल्या होत्या.

"उठा, उठा," कान्हू म्हणाला, आणि हाताला आलं ते घेऊन धावला. हाताला आले ती मी. माझ्या डोक्याने त्याने पेटलेला पेंढा मागे ढकलला, ओघळ मातीत मिसळला, मडकं उलथलं. मडकं फुटलं. बाकीच्यांनी माती टाकली. जाळ बसला तेव्हा माझी एक पाकळी कोळसा झाली होती आणि फ्रेंच कोंबडी राखेत पडली होती. गावच्या कुत्र्यांनी ती खाल्ली. त्यांच्यापैकी कुणी तक्रार केली नाही.

जावयाला काय बोलणार? दुसरं मडकं उघडलं गेलं, भांबुर्ड्याचा वास शेतभर पसरला, केळीच्या पानावर शेंगांचा ढीग पडला. हैबतराव एका बांधावर जाऊन बसला. त्याच्या भुवया अर्ध्या जळल्या होत्या. हौसा सवयीने उठली आणि टोप घासायला उचलू लागली.

"ठेव तो," काशीबाई म्हणाली. तिचा आवाज घुसळखांबासारखा होता. "पोपटीला बाईमानूस उठलं तं शेंगा कच्च्या ऱ्हातात. बस."

हौसा बसली. कान्हूने तिच्यापुढे गरम शेंगा ओतल्या. दुसऱ्याने पाणी आणून ठेवलं. ती पाय पसरून शेंगा सोलू लागली आणि मी तिच्या शेजारी धुमसत पडले होते.

हैबतराव जवळ आला. "हौसे, पुढच्या रविवारी लोणी कमी घालून बघू. तोंड बंद करायला कणीक लावायला पाहिजे होती."

"पुढच्या रविवारी काय बी घालू नका," हौसा म्हणाली. "शनिवारी मला मुंबैला न्या."

"पण आता तर आपल्याला घरीच येतं सगळं. त्या हॉटेलच्या जेवणात काय..."

"जेवान जाऊ दे चुलीत. तिथं मी बसते."

हैबतरावला कळलं नाही. त्याने सगळ्यांकडे बघितलं. सगळे शेंगा सोलण्यात गुंतले होते.

"तिथं मी बसते," हौसा पुन्हा म्हणाली. शेंगेतला दाणा काढून तिने तोंडात टाकला. "कुनी दुसरा उठतो. मला तेवढंच आवडतं. कोंबडी कसली होती ते मला कवाच कळलं नाय."

"मग मला सांगितलं का नाय इतके दिवस?"

"तुम्ही इचारलंत, कसं झालंय. मी म्हनले, चांगलं. तुला कसं वाटतं, हौसे, असं कुठं इचारलंत?"

हैबतरावने जळक्या भुवईवरून हात फिरवला. मग फार हळू म्हणाला, "आणि खानावळ?"

"खानावळीत मला बसवनार का?"

हैबतरावने एक शेंग उचलली आणि तशीच परत ठेवली.

"दाजी," कान्हू म्हणाला, "माझ्या बहिनीला बसायला आवडतं, हे आमच्या गोठ्यातल्या म्हशीला पन ठाव हाय."

"मग म्हशीनं तरी सांगायचं," हैबतराव म्हणाला.

बायका हसल्या. काशीबाईने जावयासाठी पेंढ्यावर जागा केली आणि तो बसला. त्याने शेंगा सोलून हौसापुढे ठेवायला सुरुवात केली. बराच वेळ तो नुसत्या सोलतच होता, स्वतः खात नव्हता. सोमवारी तो पहिल्या शिफ्टला कामावर गेला. राजीनामा द्यायला नव्हे. भट्टीवर.

मी मात्र आता निकामी आहे. तीन पाकळ्यांची रवी सरळ फिरत नाही. टोपात घातली की लंगडते आणि साय भिंतीवर उडवते. हैबतरावने तारेचा एक घोटणा आणला आहे. कधी लहर आली तर तो स्वतःच्या हाताने अंडं फेसतो आणि हात दुखला की थांबतो. म्हणजे लवकरच थांबतो. हौसा ताक विकत आणते. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी फार दमले होते.

मित्रांनो, जुन्या वस्तू नेहमी तुम्हाला उपदेश करतात की आम्हाला जपा, आम्हाला फेकू नका, आम्ही तुमच्या पूर्वजांची सेवा केली आहे. ते सगळं मी म्हणालेच आहे असं समजा. मला त्यापेक्षा मोठी एक गोष्ट सांगायची होती. ज्यांच्या हातांत दोरी असते त्यांना पदार्थ कसा झाला ते विचारू नका. त्या हातांचं काय झालं ते विचारा. रवीला विचारलंत तरी चालेल, पण माणसाला आधी विचारा. ज्याला कुणी उठवत नाही तोच खरा श्रीमंत, हे मी फिरून फिरून शिकले. हे वाक्य तुम्ही शाळेच्या फळ्यावर लिहायला हरकत नाही.

आता शनिवारी संध्याकाळी दोघं स्टँडवर जातात. हौसा ठेवणीतली साडी नेसते, हैबतराव इस्त्रीचा शर्ट घालतो, सरूकडे किल्ली जाते. घर शांत होतं. रात्र सगळी माझी. इतक्या वर्षांनी न फिरता नुसतं लटकायचं, हे सुख मला त्या जोडप्यामुळेच मिळालं, म्हणून मी तक्रार करत नाही. तरी तुमच्यापैकी कुणाची पेणला हौसाशी किंवा सरूशी गाठ पडली तर एवढं सांगा. चोराला घरात कुणी आहे असं वाटावं म्हणून ती दोघं जाताना स्वयंपाकघरातली ट्यूब चालू ठेवून जातात. ती बरोबर माझ्या डोक्यावर आहे. चोर काही येत नाही, आणि मला झोप लागत नाही. तेवढी बंद करून जायला सांगा.